प्लॅन २०० चा अन् लॅपटॉपवर ३५: वायफाय अ‍ॅडॉप्टर घ्यायचा तर कोणत्या क्रमानं

लातूरला आमच्या भागात घरोघर फायबर आल्यापासून लोक माझ्याकडं एकच प्रश्न घेऊन यायलेत. "दादा, प्लॅन २०० चा घेतला, मोबाईलवर दीडशे दाखवतंय अन् लॅपटॉपवर तीस-पस्तीसच यायलंय, कोणता डोंगल घेऊ?" आणि बहुतेक वेळा विचारायच्या आधीच एक डोंगल घेऊन झालेला असतो, नखाएवढा, दोन-अडीचशे रुपयांचा, आणि तो लावल्यावर स्पीड वाढायच्या ऐवजी अजून खाली गेलेला असतो. इथं चूक डोंगलपेक्षा क्रमाची जास्त असते. अ‍ॅडॉप्टर, म्हणजे लॅपटॉपला वायफाय पकडून देणारा डोंगल किंवा कार्ड, सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्याच्या आधी स्पीड तारेत अडकलेला असू शकतो, राऊटरमध्ये, भिंतीत किंवा लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमध्येसुद्धा, आणि हे न बघता घेतलेला अ‍ॅडॉप्टर कितीही महागाचा असला तरी पैसे वायाच. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्या दिल्या त्याच क्रमानं करा, मधली एकही गाळू नका.

तयारी: काय जवळ पाहिजे

एक लॅन केबल, ५ गिगाहर्ट्झ (वायफायच्या २.४ आणि ५ या दोन बँडपैकी वेगवान बँड) चालणारा मोबाईल, आकडे लिहायला वही-पेन आणि अर्धा तास. मोजणी सकाळी करा. रात्री नऊला अख्खी गल्ली व्हिडिओ बघत असते, तेव्हाच्या आकड्यावरून दोष लाईनचा का लॅपटॉपचा हे कळत नाही. मोजताना घरातला टीव्ही, बाकीचे मोबाईल, चालू असलेलं डाउनलोड बंद ठेवा.

आकडे वाचताना लोक हमखास एक गल्लत करतात. कंपनी स्पीड सांगते तो सेकंदाला मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) असतो आणि डाउनलोडच्या खिडकीत बऱ्याचदा मेगाबाइट दिसतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे २०० च्या लाईनवर फाइल सेकंदाला २४-२५ मेगाबाइटनं उतरत असेल तर तुमची लाईन फुल्ल चालू आहे, काहीच घ्यायची गरज नाही. असे दोघं-तिघं तर मी चहा पाजून तसेच परत पाठवलेत.

पायरी १: आधी तार लावून मोजा

वायफाय बंद करा, राऊटरपासून लॅपटॉपला थेट लॅन केबल लावा आणि स्पीड टेस्ट तीन वेळा घ्या. जो आकडा येईल तो वहीत वर लिहून ठेवा, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची आहे.

प्लॅन २०० चा आणि तारेवरही ५०-६० च येत असेल तर इथंच थांबा, अ‍ॅडॉप्टरनं ते वाढणार नाही, लाईन देणाऱ्याकडं तक्रार करा. आकडा ९३-९५ वर येऊन अडकला असेल, ना वर ना खाली, तर मात्र तक्रारीच्या आधी जरा बघा. हा आकडा म्हणजे कुठंतरी १०० चा पोर्ट मधी आहे याची खूण. फायबरच्या बऱ्याच डब्यांना, म्हणजे ज्याला ओएनटी म्हणतात त्याला, एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १०० चे, तर केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपांचा स्वतःचा लॅन पोर्टही १०० चाच असतो. केबलमध्ये आठच्या आठ तारा जोडलेल्या नसतील, चारच असतील, तरी हेच होतं, आणि हातानं क्लिप मारलेल्या केबलमध्ये हे लई वेळा सापडतं.

लॅपटॉपला लॅन पोर्टच नसेल तर राऊटरपासून पाच-सहा फुटांवर बसून चांगल्या मोबाईलवर ५ गिगाहर्ट्झनं मोजा आणि तो आकडा धरून चाला.

पायरी २: राऊटर ५ गिगाहर्ट्झ देतो का

ही पायरी बहुतेक सगळेच सोडतात. माझ्या मोठ्या बहिणीकडं अंबाजोगाईला मी स्वतः ५ गिगाहर्ट्झ चालणारा एसी१२०० चा अ‍ॅडॉप्टर (या नावांचा अर्थ पायरी ४ मध्ये) घेऊन गेलो, लावला, आणि स्पीड जवळपास तेवढाच. डबा बघितला तर त्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झ. पलीकडून ५ गिगाहर्ट्झ येतच नाही म्हटल्यावर अ‍ॅडॉप्टर काय पकडणार? तिथं गरज होती नव्या राऊटरची, आणि अ‍ॅडॉप्टर त्याच्यानंतर.

बघायचं असं: मोबाईलमध्ये वायफायची यादी उघडा. एकाच घराची दोन नावं दिसत असतील आणि एकाच्या शेवटी "५जी" असेल तर राऊटर दोन्ही बँडचा आहे. एकच नाव दिसत असेल तर लगेच निष्कर्ष काढू नका, काही राऊटर दोन्ही बँड एकाच नावाखाली ठेवतात. डब्याच्या खालचं लेबल बघा. एन३०० असं काही असेल तर फक्त २.४, एसी किंवा एएक्स असेल तर ५ पण आहे. तरी शंका राहिली तर लाईनमनला विचारा, "हा ड्युअल बँड आहे का?" एवढंच.

लक्षात ठेवा: या नावातलं "५जी" म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. सिमकार्डाच्या ५जीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. "माझा मोबाईल ४जी आहे म्हणून वायफाय ५जी चालत नाही" हे खरं नाही, आणि दुकानात "५जी डोंगल" मागितला तर सिम टाकायचा डोंगल हातात पडतो. "ड्युअल बँड वायफाय अ‍ॅडॉप्टर" असंच मागा.

आता मोबाईल ५ गिगाहर्ट्झला जोडून दोन ठिकाणी मोजा, एकदा राऊटरजवळ आणि एकदा जिथं लॅपटॉप नेहमी असतो तिथं. दोन्ही आकडे लिहा. जवळ १८० आणि लॅपटॉपच्या जागी ४० आले तर भिंत आडवी आहे. आपल्याकडं जुन्या वाड्यात दोन-दोन फुटांच्या दगड-मातीच्या भिंती, वर माळवद, आणि मागं वाढवलेली पत्र्याची खोली. ५ गिगाहर्ट्झची लहर अशा भिंतीत लवकर दमते, आणि पत्र्यातून तर जवळपास जातच नाही, उघड्या दारातून किंवा खिडकीतून जेवढी येईल तेवढीच. अशा ठिकाणी राऊटरची जागा बदलणं नाहीतर त्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथं दुसरा वायफाय पॉइंट बसवणं हाच इलाज. त्या पैशात अ‍ॅडॉप्टर घेऊ नका.

पायरी ३: लॅपटॉपमध्ये सध्या काय बसलंय

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायफाय, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडून खाली या. तिथं प्रोटोकॉल, नेटवर्क बँड, चॅनल आणि लिंक स्पीड दिसेल. लिंक स्पीड म्हणजे लॅपटॉप आणि राऊटरच्या मधला स्पीड, इंटरनेटचा नाही. खाली वायफाय ४, ५, ६ म्हटलंय त्या वायफायच्या पिढ्या, आकडा मोठा तेवढी नवी. विंडोज १० मध्येही जवळपास असंच.

लिंक स्पीड ७२ दिसला तर एक अँटेना आणि २.४ चा बँड. १४४ किंवा ३०० म्हणजे दोन अँटेना, वायफाय ४. ४३३ म्हणजे एक अँटेना, वायफाय ५. ८६७ म्हणजे दोन अँटेना, वायफाय ५. १२०१ म्हणजे वायफाय ६, दोन अँटेना. लांब बसलं की हे आकडे कमी होतात, म्हणून राऊटरजवळ बसूनच बघा.

आता फुकटातला उपाय. लई लॅपटॉपांचं आतलं कार्ड ५ गिगाहर्ट्झचं असतं पण ते २.४ लाच चिकटून बसतं, कारण पहिल्यांदा कुणीतरी त्या नावाला जोडलेलं असतं आणि तेच पुढं चालू राहतं. बँडच्या जागी २.४ दिसत असेल तर यादीत ५ चं नाव शोधून त्याला जोडा आणि २.४ चं नाव "फर्गेट" करा. एकच नाव असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स, वायफाय कार्डावर डबल क्लिक, अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, आणि तिथं "प्रिफर्ड बँड" असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हरही, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ताजा करून घ्या. माझ्याकडं आलेल्या कितीतरी लॅपटॉपांचं काम इथंच संपलं.

तपासा: राऊटर शेजारी असून, ड्रायव्हर ताजा असून यादीत ५ चं नाव दिसतच नाही आणि मोबाईलला मात्र दिसतंय, असं असेल तर आतलं कार्ड बहुतेक फक्त २.४ चं आहे. आता अ‍ॅडॉप्टर घ्यायला हरकत नाही.

पायरी ४: केवढा लागतो ते ठरवा

खोक्यावरचा मोठा आकडा ही दोन्ही बँडची बेरीज असते. एसी६०० म्हणजे २.४ वर १५०-२०० आणि ५ वर ४३३. एसी१२०० म्हणजे ३०० आणि ८६७. एएक्स१८०० म्हणजे ५७४ आणि १२०१. एका वेळी अ‍ॅडॉप्टर एकाच बँडला जोडलेला असतो, त्यामुळं बेरीज विसरा, ५ गिगाहर्ट्झचा आकडा तेवढा बघा. आणि तोही लिंक स्पीड आहे, प्रत्यक्षात हाती येतो त्याच्या साधारण निम्मा ते साठ टक्के, तेही जवळ बसलं तर.

यावरून हिशोब सोपा होतो. प्लॅन १०० पर्यंत असेल तर एसी६०० पुरतो, वरचा घेऊन इंटरनेट वाढणार नाही. २०० ते ३०० असेल तर एसी१२०० किंवा एसी१३००, दोन अँटेनाचा, आणि यूएसबी ३ वाला. ५०० च्या पुढं असेल तर वायफाय ६, म्हणजे नावात एएक्स असलेला, आणि शक्यतो आत बसणारं कार्ड. एएक्स३००० वर ५ चा आकडा २४०२ लिहिलेला असतो पण तो १६० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवरच मिळतो, आणि कंपनीनं दिलेला राऊटर बऱ्याचदा ८० वरच चालतो, मग तिथं १२०१ च मिळणार. वायफाय ६ई आणि ७ च्या मागं आत्ता लागू नका. ६ गिगाहर्ट्झचा बँड राऊटरमध्येही लागतो, विंडोज ११ लागतं, आणि २०० च्या प्लॅनवर त्यातून एक एमबीपीएससुद्धा जास्तीचा यायचा नाही.

दुकानात मिळणारा तो नखाएवढा १५० चा किंवा ३०० चा डोंगल फक्त २.४ चा असतो. गल्लीतल्या वीस घरांचे राऊटर त्याच बँडवर, एकमेकांवर न पडणारे चॅनल त्यात तीनच, मग हाती २०-४० च येणार. २०० च्या प्लॅनला तो घ्यायचाच नाही.

पायरी ५: यूएसबी, आतलं कार्ड का डेस्कटॉपचं कार्ड

यूएसबीवाला सगळ्यात सोपा. पण पोर्ट बघा. यूएसबी २ पोर्टची कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस आणि प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास, त्यामुळं एएक्स१८०० घेऊन तो काळ्या यूएसबी २ पोर्टात लावला तर वरचा सगळा पैसा गेला. यूएसबी ३ चा पोर्ट बऱ्याचदा आतून निळा असतो किंवा त्याच्यावर "एसएस" अशी खूण असते. नखाएवढ्या डोंगलपेक्षा बाहेर अँटेना असलेला घ्या, रेंजमध्ये फरक पडतो आणि तापतोही कमी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, तेव्हा छोटा डोंगल तासभराच्या व्हिडिओ कॉलनंतर चांगलाच गरम होतो आणि मग मधूनच तुटायला लागतो.

लॅपटॉपच्या आतलं कार्ड बदलणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा, पण आधी चार गोष्टी तपासायच्या. पहिली, कार्ड सुटणारं आहे का बोर्डावर सोल्डर केलेलं आहे. दुसरी, खाच एम.२ ची आहे का जुन्या मिनी पीसीआय एक्स्प्रेसची, दोन्हींची कार्डं वेगळी आणि अँटेनाच्या वायरीच्या टोकाला असलेल्या टोप्यांचा आकारही वेगळा. तिसरी, इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यायचं, एएक्स२०१ किंवा एएक्स२११ नाही. दिसायला सारखीच असतात, पण शेवटी १ असलेली दोन्ही ठराविक इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपातच चालतात, एएमडीच्या किंवा जुन्या लॅपटॉपमध्ये ओळखलीच जात नाहीत. ही चूक एवढी होते की ऑर्डर करायच्या आधी तो शेवटचा आकडा दोनदा वाचाच. चौथी, काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस दुसरं कार्ड घेत नाही, तुमच्या मॉडेलवर कुणी बदललंय का ते आधी शोधा. आणि विंडोज ७ किंवा ३२ बिटचं विंडोज असेल तर ही कार्डं नकोतच, त्यांना ड्रायव्हर ६४ बिट विंडोज १० पासूनच आहे. अशा जुन्या मशीनला विंडोज ७ लिहिलेला एसी१२०० यूएसबी अ‍ॅडॉप्टर बरा.

डेस्कटॉपला पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड. छोट्या कॅबिनेटला कार्डाची मागची पट्टी आखूड लागते, ती खोक्यात आहे का बघा. अँटेना थेट मागं लागणाऱ्या असतील आणि कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात, भिंतीला टेकून असेल तर लोखंडाच्या मागं सिग्नल अडतो, म्हणून वायरवाला, वर ठेवता येणारा अँटेना स्टँड असलेलं घ्या. आणि डेस्कटॉप राऊटरच्याच खोलीत असेल तर केबलच लावा.

पायरी ६: विकत घेताना

खोक्यावर ५ गिगाहर्ट्झचा आकडा वेगळा लिहिलेला पाहिजे. नुसतं "१२०० हाय स्पीड" आणि खाली काहीच नाही, असला माल ठेवून द्या. यूएसबी ३ लिहिलंय का, तुमच्या विंडोजचं नाव आहे का, कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा ड्रायव्हर आहे का, हे मोबाईलवर दुकानातच बघा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये चिप वेगळी असते, म्हणून खोक्यामागचं व्हर्जनही वाचा. लिनक्स वापरणाऱ्यांनी मीडियाटेक चिपचा शोधावा, ताज्या कर्नलमध्ये बऱ्याच वेळा लावल्या लावल्या चालतो. बिल घ्या आणि बदलून द्यायची मुदत विचारून बिलावरच लिहून घ्या.

पायरी ७: लावायचा क्रम

१. ड्रायव्हर आधी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. इंटरनेटच नसेल तर मोबाईल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा.

२. यूएसबी अ‍ॅडॉप्टर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून आतलं जुनं कार्ड "डिसेबल" करा. अनइन्स्टॉल करू नका, विंडोज ते परत उभं करतं. दोन्ही चालू राहिले तर लॅपटॉप जुन्यावरच बसून राहतो आणि माणूस म्हणतो नवीन अ‍ॅडॉप्टर खराब निघाला.

३. अ‍ॅडॉप्टर लावा. काहींमध्ये ड्रायव्हर आतच असतो, पहिल्यांदा तो सीडी ड्राइव्हसारखा दिसतो, त्यातलं सेटअप चालवा.

४. रिस्टार्ट करून ५ च्या नावाला जोडा.

आतलं कार्ड बदलताना लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि उघडल्यावर आधी बॅटरीची वायर सोडवायची. जुन्या कार्डाचा फोटो काढा म्हणजे कोणती अँटेना कुठं होती ते कळेल. टोपी बरोबर मध्यावर ठेवून बोटानं सरळ दाबायची, टक असा आवाज येतो. तिरकी दाबली तर ती चपटी होते आणि मग अख्खी अँटेनाची वायर बदलावी लागते, म्हणून हात स्थिर नसेल तर हे काम रिपेअरवाल्याकडून करून घ्या.

डेस्कटॉपच्या कार्डाबरोबर एक छोटी वायर येते, ती मदरबोर्डावरच्या यूएसबीच्या पिनांना लावायची. ती खोक्यातच राहिली की वायफाय चालतं आणि ब्लूटूथ चालत नाही.

पायरी ८: जागा

यूएसबी अ‍ॅडॉप्टर डेस्कटॉपच्या मागं खुपसू नका. तीन-चार फुटांची यूएसबी ३ एक्स्टेन्शन घेऊन टेबलावर, राऊटरच्या दिशेला मोकळा ठेवा. शेजारच्या यूएसबी ३ पोर्टात हार्डडिस्क चालू असेल तर तिच्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरींचा त्रास २.४ च्या वायफायला आणि वायरलेस माऊसला होतो, तो पण या वायरनं कमी होतो. राऊटर आणि लॅपटॉपच्या मधी लोखंडी कूलर, फ्रिज, गोदरेजचं कपाट येऊ देऊ नका. उन्हाळ्यात कूलर खिडकीत आला की स्पीड पडला, हे मी दरवर्षी बघतो.

पायरी ९: खरंच वाढला का

आधी लिंक स्पीड बघा, मग त्याच जागी, सकाळीच, तीन टेस्ट, आणि वहीतल्या तारेच्या आकड्याशी ताडून बघा. तारेच्या ऐंशी-नव्वद टक्के आले तर अ‍ॅडॉप्टरचं काम झालं.

लिंक ८६७ आणि टेस्टला ४० येत असेल तर लाईन किंवा ड्रायव्हर बघा. एसी१२०० घेऊनही राऊटरजवळ लिंक ४३३ च्या वर जात नसेल तर बहुतेक एक अँटेनाचा माल आलाय, परत करा. मोबाईलला ५ चं नाव दिसतं आणि नव्या अ‍ॅडॉप्टरला दिसत नाही, तर राऊटरमध्ये ५ चा चॅनल "ऑटो" काढून ३६ करा, कारण काही अ‍ॅडॉप्टर मधले चॅनल पकडत नाहीत.

आणि लाईट जाऊन आल्यावर ५ चं नाव लगेच दिसलं नाही तर घाबरून सेटिंग बदलत बसू नका. काही चॅनलवर राऊटरला आधी मिनिटभर रडार आहे का ते ऐकावं लागतं, तोवर तो ५ चालू करत नाही. दोन मिनिटं थांबा. दिवसातून चार वेळा लाईट जात असेल तर राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, फक्त राऊटरच्या चार्जरवरचे व्होल्ट-अँपिअर जुळतायत का ते बघून.

एवढं झाल्यावर रात्री नऊला परत एकदा मोजा, आणि बदलून द्यायची मुदत संपायच्या आत एक दिवस सलग दोन तासांचा व्हिडिओ कॉल किंवा पोरांचा ऑनलाइन क्लास त्याच्यावर चालवून बघा. तापून तुटणारा अ‍ॅडॉप्टर पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये सापडत नाही.